कंपाउंड सोडून बांबूचा तिरकमठा: कामाच्या नोंदी (डिसेंबर 2023 ते जून 2024)

जागा गडचिरोली जिल्ह्यातला धानपट्टा. काम असं, की कंपाउंड धनुष्यावर (टोकांना चाकं असलेल्या आधुनिक धनुष्यावर) सराव करणाऱ्या तिघांसाठी मानवेल बांबूचे तिरकमठे आणि बाण घरीच बनवायचे आणि त्यावर निशाणा बसवायचा. इंडियन राउंडमध्ये (भारतातल्या तिरंदाजी स्पर्धेचा एक प्रकार) बांबूचं धनुष्य आणि 50 व 30 मीटर अंतर असतं, म्हणून ही सवय पुढेही कामी येते.

सुरुवातीलाच एक सांगतो. हे सगळं तणसाच्या (धानाच्या पेंढ्याच्या) लक्ष्यासाठी आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, आणि रोही (नीलगाय) किंवा डुकराने वावर खाल्लं तरी त्यावर तिरकमठा हा इलाज नाही. भरमार बंदुकीचं (नळीच्या तोंडातून ठासायच्या) बरेच जण विचारतात. तिला परवाना लागतो, दारू-छऱ्याचा हिशेब लागतो, ती ठासायला शिकवणारा माणूस लागतो. त्या वाटेला आम्ही गेलो नाही.

9 डिसेंबर 2023. बांबू निवडणे

धुऱ्यावरच्या बेटातून मानवेलाचे चार बांबू घेतले, 70 रुपयांना एक, एकूण 280. वनाबाहेरचा बांबू 2017 च्या दुरुस्तीनंतर भारतीय वन कायद्यातल्या ‘झाड’ या व्याख्येत येत नाही, म्हणून शेतातलाच घेतला. जंगलातून आणायचा तर ग्रामसभेला किंवा वन विभागाला आधी विचारा.

कटांग बांबू मोठा दिसतो, पण तो पोकळ असतो. मानवेल बुडाकडे जवळपास भरीव असतो. आपल्याला बुडाकडचीच सहा फूट लांबी हवी. बाहेरून साडेपाच सेंटिमीटर जाडी, भिंत किमान 18 मिलिमीटर, गाठी 25 ते 30 सेंटिमीटरवर.

वय तीन ते चार वर्षांचं. कोवळ्या बांबूवर पांढरी भुकटी असते, पेरांना सालपटं चिकटलेली असतात. पिकलेल्यावर शेवाळाचे डाग येतात, रंग फिका पिवळसर होतो आणि कोयत्याच्या पाठीने ठोकलं की खणखणीत आवाज येतो. चारपैकी एक कोवळा निघाला. तो चिरल्यावर कळलं, कारण कोयता लोण्यासारखा गेला. तो बाणांच्या कामालाही आला नाही, कुंपणात गेला.

बुरड कारागीर वद्य पक्षातच बांबू तोडतात. आम्हीही अमावास्येच्या तीन दिवस आधी तोडला. कीड लागण्याचं मोठं कारण मात्र पेरातलं पिठूळ (स्टार्च). पावसाळ्यात नवे कोंब वाढत असताना तोडलेल्या बांबूला भुंगा लवकर लागतो, त्यामुळे महिना चुकवू नका.

10 डिसेंबर. चिरणे

तुकडा 180 सेंटिमीटरचा. तयार धनुष्य दोरीच्या एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत 168 सेंटिमीटर ठेवायचं, बाकी टोकाला छाटायला. हिशेब सोपा: ओढ (दोरी मागे येते ती लांबी) 27 इंच, तिची दुप्पट 54, वर 12 इंच, म्हणून 66 इंच. यापेक्षा आखूड केलं की पाठीवर (लक्ष्याकडच्या, सालीच्या बाजूवर) ताण वाढतो आणि मोडतं.

कोयता मधोमध बसवून लाकडी मोगरीने ठोकत चिरलं. चीर एका बाजूला पळायला लागली तर जो भाग जाड राहतो आहे तो जास्त वाकवायचा. चीर वाकणाऱ्या बाजूकडे वळते. पहिल्या बांबूत हे उलट केलं, पातळ बाजू ओढत बसलो, आणि पाच फुटांवर एक अर्ध निम्मं झालं. दोन बांबूंतून चांगली तीनच अर्धं मिळाली. तिसरा राखीव ठेवला.

अर्धं लगेच नाल्याच्या वाहत्या पाण्यात, दगडाखाली दाबून. तीन आठवडे. पिठूळ धुऊन जातं. साचलेल्या डबक्यात ठेवू नका, बांबू सडका वास धरतो आणि साल काळी पडते. बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या पाण्यात बुडवायची पद्धतही आहे. खांब किंवा फर्निचरसाठी ती योग्य, आम्ही वाहत्या पाण्यावर भागवलं.

30 डिसेंबर. पाण्याबाहेर

तिन्ही अर्धं काढली, पुसली, गोठ्याच्या सावलीत उभी बांधली. बुडाखाली वीट, म्हणजे ओल वर चढत नाही. प्रत्येकावर पेन्सिलीने वजन लिहिलं: 2,150, 2,080 आणि 2,190 ग्रॅम. दर रविवारी तोलायचं. किराणा दुकानातला काटा पुरतो.

14 ते 21 जानेवारी 2024. पहिलं धनुष्य, मोडलं

घाई केली. वजन अजून दर आठवड्याला साठ-सत्तर ग्रॅमने उतरत होतं, अर्ध 1,780 वर होतं, तरी काम सुरू केलं. दोन चुका झाल्या आणि दोन्ही लिहून ठेवतो.

पहिली, ओलसर बांबू. तो वाकतो छान, पण सोडल्यावर पूर्ण सरळ होत नाही. दोरी न लावताच टोकं तीन सेंटिमीटर ओढणाऱ्याच्या बाजूला आली होती.

दुसरी आणि मोठी, पाठीवरच्या गाठी कानशीने सपाट केल्या. दिसायला साफ झालं. बांबूचं बळ सालीखालच्या पहिल्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये दाट भरलेलं असतं, आणि गाठीवर ते तंतू वर उचलून पुढे जातात. तिथे कानस चालली की तंतू तुटले. 20 इंचांवर ओढताना वरच्या पात्याच्या (मुठीच्या वरच्या वाकणाऱ्या भागाच्या) दुसऱ्या गाठीवर सालपट उठलं, करकर आवाज आला, आणि पुढच्या ओढीला आरपार चीर. गाठीचा फक्त धारदार काठ काचेच्या तुकड्याने मोडायचा, तोही बोटाला टोचतो म्हणून. यापलीकडे पाठीला काहीही लावायचं नाही.

वेळ वाया: आठ दिवस. नुकसान: एक अर्ध.

20 फेब्रुवारी. वाळवण पुरी

उरलेली दोन अर्धं 1,365 आणि 1,410 ग्रॅमवर थांबली. सलग दोन रविवार वजन हललं नाही, तेव्हाच वाळलं असं धरलं. पाण्यातून काढल्यापासून सात आठवडे लागले. अख्खा बांबू वाळवत बसलो असतो तर याच्या दुपटीहून जास्त लागले असते.

25 फेब्रुवारी ते 3 मार्च. दुसरं धनुष्य, बसलं

माप असं धरलं: मुठीच्या वर-खाली रुंदी 38 मिलिमीटर, तिथून सरळ निमुळती होत टोकाला 14. मधली जाडी 16, टोकाशी 9. साल पाठीला, म्हणजे लक्ष्याकडे. पोट (ओढणाऱ्याकडची बाजू) सपाट, तिथे आधी वाकस, मग रंधा, शेवटी काच. आतले पडदे पटाशीने काढले. मूठ घट्ट राहावी म्हणून पोटाकडून 20 सेंटिमीटरचा बांबूचाच तुकडा एपॉक्सीने चिकटवला आणि सुतळीने आवळला. ट्रॉलीच्या कमानीत पाटे एकावर एक असतात ना, तसाच. मुठीच्या तुकड्याची टोकं उतरती करा. बोथट ठेवली की नेमकी तिथेच घडी पडते.

मूठ मधोमध दोन गाठींच्या मध्ये आली पाहिजे आणि बुडाकडचं टोक खाली. बुडाकडचा भाग जड आणि ताठ असतो, खालच्या पात्याला तोच हवा.

बिघडलं ते बाक जुळवताना, म्हणजे दोन्ही पाती सारखी वाकावीत म्हणून घासताना. भिंतीला खुंटी, खुंटीवर मूठ, खाली चाकातून गेलेली दोरी आणि दोरीला कापूस तोलायचा स्प्रिंग काटा (350 रुपये). इथवर ठीक होतं. मुठीपासून 30 सेंटिमीटरवर खालचं पातं ताठ दिसलं म्हणून एकाच जागी घासत राहिलो, आणि दर वेळी ओढून न पाहता तीनदा सलग घासलं. तिथे कोपर पडलं. कोपर म्हणजे सगळा बाक एका जागी गोळा होणं. तिथला बांबू दबून जातो. मग बाकी पातं त्याच्याशी जुळवायला पातळ करत गेलो, शेवटी 27 इंचांवर ओढीचा जोर 9 किलोच राहिला आणि दोरी काढल्यावरही टोकं 7 सेंटिमीटर ओढणाऱ्याच्या बाजूला. याला आम्ही धनुष्य बसलं म्हणतो. मोडलं नाही. नवशिक्या मुलांच्या सरावाला ठेवलं, आणि त्या कामाला चांगलं आहे.

10 ते 17 मार्च. तिसरं धनुष्य

शेवटचं अर्ध. आधी ते सरळ केलं. एका बाजूला बाक होता, तो निखाऱ्यावर धरून काढला. ज्वाळेवर नाही, निखाऱ्यावर, वीतभर अंतरावर, सतत फिरवत. हात लावता येत नाही इतका तापला की वाकवून थंड होईपर्यंत धरायचा. पोटाकडून रंग मधासारखा होईपर्यंत शेक दिला. काळपट झाला तर तो भाग ठिसूळ झाला समजा.

बाक जुळवण्याची पद्धत या वेळी ठरवून पाळली:

लांब दोरी लावून आधी फक्त 10 सेंटिमीटर ओढ. दहा पावलं मागे उभं राहून दोन्ही पाती बघायची. मागे पांढरी चादर टांगली की बाक स्पष्ट दिसतो. ताठ जागेवर पेन्सिलीने रेघ. काचेने दहा फेर, जास्त नाही. मग तेवढ्याच ओढीने वीस वेळा ओढून सोडायचं, म्हणजे बांबू नवा बाक पत्करतो. त्यानंतरच पुन्हा बघायचं. काम केल्याकेल्या बघितलं तर फरक दिसत नाही आणि हात पुढे घासतो. मागच्या वेळी नेमकं हेच झालं होतं.

काट्यावर 13 किलोच्या पुढे एकदाही गेलो नाही, ओढ कितीही कमी असली तरी. 13 किलोला आज 18 इंच, उद्या 20, परवा 22. धनुष्याला हव्या त्या वजनापलीकडे ओढून पाहणं म्हणजे त्याला आत्ताच बसवणं. आठ दिवस, रोज दीड-दोन तास. शेवटी 27 इंचांवर 12 किलो, म्हणजे साधारण 26 पौंड. दोरी काढल्यावर टोकं 3 सेंटिमीटर ओढणाऱ्याच्या बाजूला. बांबूसाठी हे चांगलं.

आखूड दोरी चढवल्यावर पात्यापासून दोरीचं अंतर वरच्या बाजूला खालच्यापेक्षा 4 मिलिमीटर जास्त ठेवलं. एक बोट बाणाच्या वर, दोन खाली, अशी पकड असेल तर खालचं पातं जरा ताठ हवं.

20 मार्च. दोरी

इकडच्या जुन्या तिरकमठ्याला बांबूच्या सालपटाचीच दोरी असते, टोकाला तंतूंचे फास. ती ताणली जात नाही, हे तिचं बळ. आमचा पहिला प्रयत्न अंबाडीच्या तीन पदरांचा, मेण लावून. सकाळी चढवली, दुपारपर्यंत दोन सेंटिमीटर सैल. प्रत्येक दहा बाणांनी पीळ द्यावा लागला. मग डेक्रॉन (पॉलिस्टरचा धागा) घेतला, 12 पदर, रीळ 450 रुपयांचं. डेक्रॉन थोडा लवतो, आणि बांबूला तेच हवं. कंपाउंडवरची न ताणणारी आधुनिक दोरी इथे लावू नका. धक्का सगळा टोकावर जातो आणि खाच फाटते.

दोरीची लांबी धनुष्यापेक्षा साडेसात सेंटिमीटर कमी. चढवल्यावर मुठीपासून दोरी 16 सेंटिमीटर, म्हणजे मूठ आवळून अंगठा उभा केला की तेवढं. यापेक्षा कमी ठेवलं तेव्हा दोरी मनगटावर फटके मारत होती.

1 ते 14 एप्रिल. बाण

वेळ सर्वात जास्त इथे गेला, पैसा नाही. मानवेलाच्या वरच्या फांद्यांतून 8 मिलिमीटर जाडीच्या 40 काड्या निवडल्या आणि त्यातून 12 बाण निघाले.

सरळ करणं निखाऱ्यावरच. लाकडाच्या ठोकळ्यात खाच पाडून काडी त्यात अडकवून वाकवायची. पेर आधी, गाठ शेवटी. एकदा सरळ केलेली काडी दोन दिवसांनी पुन्हा बघा, निम्म्या परत वाकलेल्या असतात.

मग लवचिकता. 66 सेंटिमीटर अंतरावर दोन खिळे, त्यावर काडी, मध्ये 900 ग्रॅमचं वजन, आणि काडी किती खाली येते ते मोजपट्टीने. 26 पौंडाच्या धनुष्याला साधारण 25 मिलिमीटर. आमच्या काड्या 14 पासून 38 पर्यंत सगळ्या होत्या. 23 ते 27 मधल्याच ठेवल्या. जाड काड्या काचेने घासून लवचिक करता येतात, पातळ काड्यांना इलाज नाही.

हे का पाहायचं? कंपाउंडमध्ये बाण मधोमध सरळ निघतो. तिरकमठ्यात तो मुठीला वळसा घालून निघतो, त्यासाठी सुटताना त्याला वाकावं लागतं. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा ताठ बाण डावीकडे जातो, फार लवचिक उजवीकडे. पहिल्या चार बाणांत हे तपासलंच नव्हतं. एकाच हाताने, एकाच जागेवरून मारलेले बाण 15 मीटरवर दीड हात पसरले. निशाणा चुकतोय म्हणून दोन संध्याकाळी पवित्रा बदलत बसलो, दोष काड्यांचा होता.

मागची खाच गाठीच्या लगेच वर कापा, गाठ खाली राहिली की दोरीच्या झटक्याने बाण उभा चिरत नाही. तरी खाचेखाली सुती दोरा गुंडाळून डिंक लावाच. टोकाला लेथवर काढलेली पितळी बोथट टोपणं, 6 ग्रॅमची, 30 रुपयांना एक. काडीची जाड बाजू पुढे. पिसं पाळीव टर्कीची, 10 सेंटिमीटर, तीन, आणि एका बाणाला एकाच पंखाची. डाव्या-उजव्या पंखाची मिसळली तर बाण गरगरत नाही, डगमगतो. मोरपीस वापरलं नाही, मोर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तयार बाण 26 ते 29 ग्रॅम. कंपाउंडचे कार्बन बाण यावर चढवू नका. धनुष्याला हलका बाण म्हणजे जवळपास रिकामी दोरी सोडल्यासारखं. रिकामी तर कधीच सोडायची नाही.

15 एप्रिल. लक्ष्य

तणीस दाबून 90 बाय 90, जाडी 35 सेंटिमीटर, नारळाच्या दोरीने आवळून. मागे मातीचा बांध. आधी कुटार (भुसा) भरलेलं पोतं लावलं होतं, त्यातून बाण पिसांसकट पार जात होते आणि पिसं खरवडत होती.

20 एप्रिल ते 12 मे. कंपाउंडची सवय सोडणे

कंपाउंड पूर्ण ओढलं की चाकं फिरतात आणि बोटांवरचा भार 70-80 टक्के उतरतो. 40 पौंडी कंपाउंड धरणाऱ्याच्या हातात शेवटी 8 ते 12 पौंडच असतात. तिरकमठ्यात 26 चे 26 शेवटपर्यंत, आणि शेवटच्या दोन इंचांत सर्वात जास्त. म्हणून ‘मी 40 ओढतो’ हा आकडा इथे धरू नका. 25 ते 28 च्या पुढचं धनुष्य पहिल्या वर्षी बनवूच नका. जड धनुष्यावर ओढ अर्धवट राहते, आणि अर्धवट ओढीला बाक जुळत नाही, बाणही जुळत नाही.

कंपाउंडची दुसरी सवय म्हणजे थांबून नेम धरणं. इथे ओठाच्या कोपऱ्याला बोट लागलं की दोन मोजेपर्यंत सोडायचं. पाच मोजलं की खांदा पुढे सरकतो.

कंपाउंडच्या ट्रिगरऐवजी इथे बोटांनी दोरी सोडायची असल्याने चामड्याची पट्टी लागते. जुन्या चपलेचं मऊ चामडं पुरतं.

नेम धरायला कंपाउंडसारखी पिन नाही, बाणाचं टोकच बघायचं. ओठाच्या कोपऱ्याची पकड आणि या 12 किलोच्या धनुष्यावर मोजलेली अंतरं: 10 मीटरवर टोक लक्ष्यबिंदूच्या 70 सेंटिमीटर खाली, 20 मीटरवर 75, 30 मीटरवर जेमतेम 10, आणि 31 मीटरवर टोक नेमकं बिंदूवर. 10 आणि 20 चं अंतर जवळपास सारखंच आल्यावर आधी मोजणीच चुकली असं वाटलं, दोन दिवस परत मोजलं. तेच आलं. बाण वर चढून खाली येतो, त्याचा हा परिणाम. लक्ष्याच्या खुंट्यावर चुन्याची खूण केली, नवशिक्याला ती सर्वात उपयोगी पडली.

आठवडाभर फक्त 10 मीटर. मग 15. कंपाउंडवर 50 मीटर मारणाऱ्याला हे जड जातं, पण 30 वरून सुरुवात केलेल्या एकाचे पहिल्या दिवशी दोन बाण तणसाबाहेर जाऊन मोडले.

25 मे. ऊन

पारा 45 च्या आसपास. टिनाच्या शेडमध्ये भिंतीला टेकवलेलं दुसरं धनुष्य पोटाकडून केसाएवढं तडकलं. उन्हात किंवा टिनाखाली ठेवू नका, दोरी काढून आडवं, आतल्या खोलीत टांगा. सराव सकाळी 8 च्या आत. तिसऱ्या धनुष्याला जवसाचं तेल चोळलं, तीन हात, प्रत्येकाला दोन दिवस वाळायला (90 रुपये). हे मार्चमध्येच, बाक जुळल्याजुळल्या करायला हवं होतं.

23 जून. पावसानंतर

पाऊस सुरू झाल्यावर आठवड्याने काट्यावर मोजलं. तेल लावलेलं तिसरं 12 वरून 11.4 किलोवर, तेल नसलेलं दुसरं 9 वरून 8.1 वर. दोरीही तीन मिलिमीटर सैल, दोन पीळ दिले. बाण नव्याने तपासले, बारापैकी दोन वाकले होते, निखाऱ्यावर सरळ केले.

खर्च आजपर्यंत: बांबू 280, काटा 350, डेक्रॉन 450, टोपणं 360, पिसं 150, एपॉक्सी 180, दोरा 40, तेल 90, कानशी 220. एकूण 2,120 रुपये. चालणारी धनुष्यं दोन, बाण बारा. तिसऱ्या माणसाचं धनुष्य बाकी आहे. राखीव बांबू पावसाने भिजला, त्याच्या टोकाला भुंग्याची भोकं दिसतात आणि खाली पिवळं पीठ पडतंय. तो वापरायचा नाही. नवा डिसेंबरमध्ये तोडायचा.